प्लेगचा आल्बम आणि चौकटीबाहेरची माणसे

(वाकोला येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अर्थशास्त्र शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाने चित्रांवर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. रंग, रेषा, छायाप्रकाश यांतले मला विशेष कळत नाही. परंतु ताळेबंद कसा वाचावा हे मी अनेक वर्षे शिकवले आहे, आणि काही चित्रे अशी असतात की ती ताळेबंदासारखीच वाचावी लागतात. जमेला काय धरले आहे, हिशेब कोणी लिहिला आहे, कोणासमोर ठेवण्यासाठी लिहिला आहे, आणि कोणती रक्कम मुळी मांडलेलीच नाही, हे पाहिल्याखेरीज ताळेबंद कळत नाही. चित्राचेही तसेच आहे. विशेषतः ते चित्र जर माणसांच्या हालांचे असेल तर.

आज ज्या चित्रांविषयी बोलायचे आहे ती आपल्याच शहराची आहेत. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांना प्लेगचे रोगी आढळले. गोदीलगतचा, धान्याच्या वखारींचा आणि दाट वस्तीचा तो भाग. पुढच्या काही महिन्यांत साथ शहरभर पसरली. मार्च १८९७ मध्ये सरकारने नगरपालिकेकडून साथीचा कारभार काढून घेतला आणि ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली. या समितीच्या कामाची छायाचित्रे काढण्यात आली व ती आल्बमच्या रूपाने बांधण्यात आली. त्यांचे श्रेय कॅप्टन सी. मॉस या लष्करी अधिकाऱ्याला दिले जाते. लंडनच्या वेलकम संग्रहात या छायाचित्रांच्या प्रती आहेत, आणि प्लेगवरचे कोणतेही पुस्तक उघडले की त्यांतले एखादे समोर येते. एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या आपत्तीचे चित्र म्हणून आपल्या मनात जे काही आहे, ते बहुतांशी या आल्बमने घडवलेले आहे.

काय आहे या चित्रांत? एका चित्रात बंब आणि नळ घेऊन माणसे उभी आहेत, आणि प्लेग झालेले घर पाण्याने धुऊन काढण्याचे काम चालू आहे. दुसऱ्यात एका रुग्णाला उचलून गाडीत घालत आहेत. तिसऱ्यात तात्पुरत्या इस्पितळाचा आतला भाग आहे: खाटांची लांब रांग, खाटांवर माणसे, आणि शेजारी उभे असलेले कर्मचारी. कुठे घरोघर तपासणीसाठी निघालेले पथक आहे, कुठे विलगीकरणाची छावणी. हिंदूंची, मुसलमानांची, जैनांची, पारशांची अशी जातवार व धर्मवार इस्पितळे त्या वेळी निघाली होती, आणि त्यांनाही आल्बमात स्थान आहे. (प्लेगने भेदभाव केला नाही, तो आपण केला, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.) आणि समितीच्या सभासदांचे, ऐटीत बसलेले, समूहचित्रही आहे.

ही चित्रे खोटी नाहीत. ती कोणी बनावट म्हणेल तर मी त्याच्याशी सहमत होणार नाही. इस्पितळे होती, रोगी होते, शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका होत्या, आणि त्यांच्यापैकी काहींनी खरोखर जिवावर उदार होऊन काम केले. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. एवढे मोठे मन असलेली माणसेही त्या व्यवस्थेत होती. तेव्हा प्रश्न खरेखोटेपणाचा नाही. आल्बमचा विषय नेमका कोणता, हा आहे. प्रथमदर्शनी वाटते की विषय प्लेग आहे. थोडे थांबून पाहिले की ध्यानात येते, विषय प्लेग समिती आहे. रोगी हा तेथे कामाचा कच्चा माल म्हणून आलेला आहे. धुतले जाणारे घर, उचलला जाणारा रोगी, तपासली जाणारी बाई: प्रत्येक ठिकाणी क्रिया सरकारची आणि कर्मपद जनतेचे. गॅटेकर, स्नो, डिमॉक, जेम्स ही समितीच्या सभासदांची नावे आज सव्वाशे वर्षांनंतरही आपल्याला सांगता येतात. खाटेवर पडलेल्यांपैकी एकाचेही सांगता येत नाही.

हे अपरिहार्य होते काय? कोणी म्हणेल, आपत्तीचे चित्र असेच असणार. मरणाऱ्याला नाव विचारायला चित्रकाराला सवड कुठली? म्हणून त्याच शतकातले दुसरे एक चित्र मी या आल्बमच्या शेजारी ठेवू इच्छितो. ते आपल्याकडचे नाही, फ्रान्सचे आहे; पण त्यामागची हकिकत आपल्यासारख्या कार्यकर्त्यांनी समजून घ्यावी अशी आहे.

१८१६ च्या जुलै महिन्यात मेड्यूसा नावाचे फ्रेंच लढाऊ जहाज आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ वाळूच्या बांधावर रुतले. इंग्रजांकडून परत मिळालेली सेनेगलची वसाहत ताब्यात घेण्यासाठी नवा गव्हर्नर, अधिकारी व सैनिक घेऊन ते निघाले होते. नेपोलियन पडला होता, राजेशाही परत आली होती, आणि राजनिष्ठेचे बक्षीस म्हणून शोमारे नावाच्या एका उमरावाला जहाजाचे कप्तानपद मिळाले होते. या गृहस्थाने सुमारे २० वर्षे जहाज चालवलेले नव्हते. जहाज रुतले तेव्हा होड्या अपुऱ्या ठरल्या. होड्यांत गव्हर्नर, कप्तान आणि वरिष्ठ मंडळी बसली, आणि उरलेल्या सुमारे १४७ माणसांसाठी लाकडे बांधून एक तराफा केला. होड्यांनी तो ओढून किनाऱ्याला न्यायचा होता. थोड्याच वेळात दोर सोडून देण्यात आले. तेरा दिवसांनी दुसऱ्या जहाजाला तो तराफा दिसला तेव्हा त्यावर १५ माणसे जिवंत होती. मधल्या काळात तेथे मारामाऱ्या, वेड, आणि माणसाने माणसाचे मांस खाण्यापर्यंतचे सर्व काही घडले होते.

वाचलेल्यांपैकी सावीन्यी हा शल्यवैद्य आणि कोरेआर हा अभियंता यांनी १८१७ मध्ये ही हकिकत छापली आणि सरकारची नाचक्की झाली. ते पुस्तक वाचून थिओडोर झेरिको हा तरुण चित्रकार झपाटला. त्याने या दोघांना गाठले, बोलते केले. जहाजावरचा वाचलेला सुतार शोधून त्याच्याकडून तराफ्याची लहान प्रतिकृती बनवून घेतली. इस्पितळांत जाऊन त्याने मरणाऱ्यांचे चेहरे आणि प्रेतांचे रंग अभ्यासले. १८१९ साली पॅरिसच्या प्रदर्शनात हे चित्र लागले: सुमारे १६ फूट उंच आणि साडेतेवीस फूट रुंद. त्या काळी एवढा पट फक्त राजांच्या आणि देवादिकांच्या प्रसंगांसाठी वापरीत. झेरिकोने तो सामान्य खलाशांना व सैनिकांना दिला. प्रदर्शनाच्या यादीत जहाजाचे नावही घातले गेले नाही, नुसते ‘जहाजफुटीचे दृश्य’ असे म्हटले होते. परंतु पाहणाऱ्या प्रत्येकाला कोणत्या जहाजाची गोष्ट आहे हे कळत होते. आणि माणसांच्या त्या पिरॅमिडच्या अगदी टोकावर, दूरच्या गलबताला कापड हलवून खूण करणारा जो आहे, तो एक काळा माणूस आहे. गुलामांचा व्यापार अद्याप पुरता थांबला नव्हता त्या काळातली ही गोष्ट.

ध्यानात घ्यावे असे की या चित्रात सरकार कुठेच दिसत नाही. कप्तान नाही, गव्हर्नर नाही, होड्या नाहीत. तरीही चित्रासमोर उभा राहणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो, की यांना येथे सोडले कोणी? प्लेगच्या आल्बमात सरकार सर्वत्र दिसते, आणि तरीही हा प्रश्न मनात येत नाही. यातला फरक चित्रकाराच्या कौशल्याचा नाही. झेरिको बुडालेल्यांकडे विचारपूस करायला गेला होता. मॉस यांचा कॅमेरा तपासणी पथकाबरोबर निघाला होता.

आता आल्बमकडे परत येऊ, आणि हिशेब कोणासमोर ठेवायचा होता ते पाहू. माझ्या मते ही चित्रे मुंबईकरांसाठी नव्हतीच. मुंबईत प्लेग आहे म्हटल्यावर युरोपच्या बंदरांत घबराट पसरली. मुंबईच्या मालावर आणि जहाजांवर बंदी घालण्याची भाषा सुरू झाली. १८९७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली, ती याच प्रश्नावर. कापूस, धान्य, कातडी यांची निर्यात थांबणे म्हणजे साम्राज्याच्या नाडीवर बोट पडणे. त्याच फेब्रुवारीच्या ४ तारखेला साथरोगांचा कायदा मंजूर झाला, आणि मार्चमध्ये समिती आली. हा क्रम योगायोगाचा नाही. दुष्काळात लाखो माणसे मेली तेव्हा सरकार एवढ्या वेगाने हलले नव्हते. १८७६-७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य पुरते की नाही याचा हिशेब करीत बसले होते. भुकेने मेलेला माणूस निर्यात अडवत नाही. प्लेगने मेलेला अडवतो. म्हणून जगाला दाखवायला पुरावा हवा होता की बघा, आम्ही धूत आहोत, तपासत आहोत, वेगळे काढीत आहोत.

आणि धुण्यातून साधले काय? रोग घाणीतून आणि कुबट हवेतून उद्भवतो अशी तेव्हाची समजूत. म्हणून घरांवर पाण्याचे लोट सोडले, औषधी द्रव्ये फवारली, चुना फासला, उजेड यावा म्हणून कौले काढली, राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांच्या भिंतींवर तशी इंग्रजी अक्षरे रंगवली, आणि ज्या घरात प्लेगने मृत्यू झाला त्यावर वर्तुळे काढली. उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमार्फत रोग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवले, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. ज्या बंबाचे चित्र आपण एवढ्या आदराने पाहतो, त्याच्या पाण्याने उंदीर एका घरातून शेजारच्या घरात पळत होते. शास्त्राला जे ठाऊक नव्हते त्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. परंतु चुकीच्या समजुतीची शिक्षा कोणाला झाली, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. वर्तुळे मलबार हिलवरच्या बंगल्यांवर काढली गेली नाहीत.

येथवर चौकटीच्या आतले झाले. चौकटीच्या बाहेर काय होते? माझ्या विषयाचा खरा गाभा येथे आहे, म्हणून येथे थोडा अधिक वेळ घेतो.

पहिली गोष्ट म्हणजे आल्बम सुरू होण्याच्या कितीतरी आधी मुंबईच्या कामगाराने आपले मत नोंदवले होते. ऑक्टोबर १८९६ च्या आरंभी रोग्याला सक्तीने इस्पितळात हलवण्याचा हुकूम निघाला. इस्पितळात गेलेला परत येत नाही, हा लोकांचा अनुभव होता आणि तो बराचसा खरा होता. २९ ऑक्टोबरला सुमारे हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. इंग्रजी अंमलदारांनी याला अडाणी लोकांचा दंगा म्हटले. पण या अडाणी लोकांमुळेच हुकूम सैल करावा लागला. दीड वर्षाने, ९ मार्च १८९८ रोजी, मदनपुऱ्यात शोधपथक एका आजारी मुलीला नेऊ लागले तेव्हा तेथील जुलाहा विणकरांनी अडवले. पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली, आणि पाठोपाठ गोदी कामगार व गाडीवान यांनी काम बंद केले. आल्बममधल्या रांगेत उभ्या असलेल्या निमूट माणसांकडे पाहून या दिवसांची कल्पना येणे अशक्य आहे. छायाचित्र काढताना माणसांना स्तब्ध उभे करावे लागे हे खरे. पण ती स्तब्धता पुढे इतिहासात संमती म्हणून जमा झाली.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. फेब्रुवारी १८९७ पर्यंत अंदाजे ३ लाख ८० हजार लोक मुंबई सोडून गेले होते. १८९१ च्या जनगणनेप्रमाणे शहराची लोकसंख्या ८ लाख २१ हजार होती, म्हणजे जवळजवळ निम्मे शहर रिकामे झाले. कोकणात, घाटावर, बोटीने, रेल्वेने, पायी. याला आपण ‘पळापळ’ म्हणतो. अर्थशास्त्रात मात्र याला श्रमाचा पुरवठा आटणे म्हणतात, आणि त्याचे परिणाम तत्काळ दिसले. गिरण्यांत तोवर रीत अशी, की महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात बराच उशिरा द्यायचा. म्हणजे कामगाराचा काही आठवड्यांचा पैसा नेहमीच मालकाकडे अडकलेला. काम सोडले तर तो बुडाला. हा अडकवून ठेवलेला पगार म्हणजे कामगाराच्या पायातली न दिसणारी बेडी होती. प्लेगच्या महिन्यांत ती तुटली. माणसे मिळेनात तेव्हा मालकांनी रोजच्या रोज रोख मजुरी द्यायला सुरुवात केली. एवढेच नव्हे, तर गिरण्यांची माणसे नाक्यानाक्यावर उभी राहून मजुरांसाठी एकमेकांवर चढाओढीने बोली लावू लागली. ज्या शहरात कामगार गिरणीच्या फाटकाशी ताटकळत उभा राही, त्या शहरात काही काळ मालक रस्त्यावर ताटकळला!

मला सांगा, प्लेगच्या साथीतले हे दृश्य चित्रित करण्यासारखे नव्हते काय? नाक्यावरच्या त्या लिलावाचे एक जरी छायाचित्र असते तर मुंबईच्या कामगार चळवळीच्या प्रत्येक कचेरीत ते टांगलेले असते. ते काढले गेले नाही, कारण तो प्लेग समितीच्या कामाचा भाग नव्हता. साथ ओसरू लागताच मालकांनी जुनी रीत परत आणली, आणि त्यावरून तंटे झाले. वखारी, गोदामे, घरभाडे, एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे का राहतात याचे कारण, यांतले काहीही बंबाच्या चित्रात मावत नव्हते. घाण मावत होती. आल्बम पाहून असे वाटते की गरीब माणूस आजारी पडला कारण तो घाणीत राहत होता. तो घाणीत का राहत होता, हे विचारायचे तर त्याचा पगार आणि त्याचे भाडे शेजारी-शेजारी मांडावे लागते.

तिसरी गोष्ट एका माणसाची. नारायण मेघाजी लोखंडे हे नाव येथे कोणाला नवीन नाही. जोतीरावांचे सहकारी, १८८० पासून ‘दीनबंधु’चे संपादक, १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे नेणारे, आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवून देणारे लोखंडे. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते प्लेगनेच गेले, तेही प्लेगग्रस्तांच्या मदतीचे काम करीत असताना. प्लेग समिती नेमली जाण्याला अजून महिना होता. आणि बरोबर एक महिना व एक दिवसाने, १० मार्चला, पुण्याजवळ सावित्रीबाई फुले गेल्या. ससाणे यांच्या माळावर यशवंतरावांनी उघडलेल्या दवाखान्यात त्या रोग्यांची सेवा करीत होत्या. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतल्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या तेथवर चालत आल्या, ही हकिकत आपल्याला ठाऊक आहे. त्या प्रसंगाचे एकही छायाचित्र नाही. नंतरच्या पिढ्यांनी ते चित्र आपल्या हाताने काढले, पुतळ्यांत घडवले. सरकारी आल्बम संग्रहालयात आहे आणि हे चित्र वस्त्यांतल्या भिंतींवर आहे. दोन्हींचे जतन कोणी केले, यावरून बरेच काही उमगते.

आपल्या राष्ट्रीय वृत्तपत्रांविषयीही एक शब्द बोलतो, आणि तो काहींना रुचणार नाही. रँडच्या अमलात पुण्यात सोल्जरांनी घरांत शिरून जो धुडगूस घातला, स्त्रियांची जी विटंबना झाली, त्याविरुद्ध आवाज उठला तो योग्यच होता. पण सोवळे मोडले, देवघर बाटले, माजघरात बूट गेले, यावर जेवढी शाई खर्ची पडली तेवढी चाळीतल्या भाड्यावर पडली नाही. प्लेगचे अर्थकारण इंग्रजांच्या कॅमेऱ्यातून निसटले तसेच ते आपल्या पुढाऱ्यांच्या लेखणीतूनही निसटले. लोखंड्यांचा ‘दीनबंधु’ तेवढा त्याच्या आसपास होता, आणि लोखंडे मेले होते.

आल्बमचा शेवट आल्बमात नाही, शहरात झाला. घाण हे कारण ठरल्यावर उपाय उघडच होता: घरे पाडणे. १८९८ मध्ये सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याची पहिली योजना नागपाड्याची. रुंद रस्ते झाले, हवा खेळली, दादर-माटुंग्याला सुरेख वसाहती उठल्या, हे कबूल केले पाहिजे. परंतु आरंभीच्या वर्षांत ट्रस्टने जेवढ्या वेगाने खोल्या पाडल्या तेवढ्या वेगाने बांधल्या नाहीत. उठवलेली माणसे शेजारच्या चाळींत जाऊन आणखी दाटीने राहिली, आणि त्या चाळींची भाडी वाढली. भिंतीवर ‘राहण्यास अयोग्य’ असे लिहिणाऱ्याला, मग यांनी राहावे कोठे, हे लिहिण्याची सक्ती नसते. त्या भिंतीची छायाचित्रे मी पाहतो तेव्हा आपल्या वस्तीतल्या घरांवर सर्वेक्षणाचे आकडे रंगवणारा कारकून माझ्या डोळ्यांसमोर येतो.

आता आपण जेथे बसलो आहोत त्या वाकोल्याकडे येऊ. १८९७ साली हे मुंबईत नव्हते. साष्टी तालुक्यातले, ठाणे जिल्ह्यातले एक गाव. शहरातून निघालेले लोक माहीमची खाडी ओलांडून या बाजूला येत, आणि त्यांच्यामागून प्लेगही आला. वांद्र्याला त्याचा जबर तडाखा बसला. तेथल्या आणि साष्टीतल्या गावठाणांतून हिंडताना गल्लीच्या तोंडाशी, झाडाखाली, दगडी क्रूस दिसतात. त्यांपैकी कित्येक प्लेगच्या वर्षांत, रोगापासून गाव वाचावे म्हणून, ईस्ट इंडियन समाजातल्या साध्या शेतकऱ्यांनी उभारले. काहींवर साल कोरलेले आहे, काहींवर उभारणाऱ्यांची नावे. मी श्रद्धाळू माणूस नाही; क्रूसाने पिसवा मरत नाहीत. पण एकोणिसाव्या शतकातल्या त्या आपत्तीची ही जी कलाकृती आहे, ती आपत्तीत सापडलेल्यांनी स्वतःच्या पैशाने केली आणि तीवर स्वतःचे नाव घातले, याची मला फार किंमत वाटते. कॅप्टन मॉस यांच्या चित्रांत जी नावे नाहीत ती येथे दगडात आहेत. रस्तारुंदीत यांतले काही क्रूस पाडण्याचे प्रयत्न झाले तेव्हा लोक का उसळले, हे यावरून समजावे.

आणि चित्रांचा प्रश्न प्लेगबरोबर संपला नाही. २६ जुलै २००५ रोजी आपल्या सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. वाकोला नाला आणि मिठी नदी एक झाली, कलिना बुडाले. दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांत जी छायाचित्रे आली त्यांत काय होते? छातीएवढ्या पाण्यातली माणसे, आणि नाल्यात अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. महिन्याभरात राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, आणि पुढे नदी रुंद करण्यासाठी काठच्या झोपड्या हलवल्या गेल्या. पिशवी छायाचित्रात मावते. नदीचे पात्र विमानतळाच्या धावपट्टीसाठी वळवले, आणि खाडीच्या तोंडाशी भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभारले, ते मावत नाही. पुन्हा तेच. घाण मावली, जमिनीचा भाव मावला नाही.

२०२० साली करोना आला तेव्हा राज्य सरकारने हाती घेतला तो १८९७ चाच कायदा. चार कलमांचा तो कायदा. त्यातले शेवटचे कलम सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला दाव्यापासून संरक्षण देते. ज्याचे काम बुडाले त्याच्या मजुरीविषयी त्यात तेव्हाही शब्द नव्हता. १४ एप्रिल २०२० रोजी वांद्रे स्थानकाबाहेर हजारो परप्रांतीय मजूर जमले आणि आम्हाला गावी जाऊ द्या म्हणाले. ती छायाचित्रे देशभर गेली, आणि त्यांखालच्या मजकुरात गर्दी, शिस्त, अफवा हे शब्द होते. मला त्या गर्दीत १८९७ चे गिरणी कामगार दिसले. फरक एवढाच, की त्या वेळी माणसे जाऊ शकली होती. निघून जाता येणे हेच गरीब माणसाचे सौदा करण्याचे शेवटचे बळ असते, आणि या वेळी रेल्वे बंद करून तेच काढून घेतले होते. मग माणसे रुळांवरून चालत निघाली. ८ मे रोजी औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे ते निघाले होते. रुळांमध्ये विखुरलेल्या त्यांच्या पोळ्यांचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या चित्रात एकही माणूस नाही. तरी ते मी मॉस यांच्या आल्बमात ठेवणार नाही, झेरिकोच्या तराफ्याशेजारी ठेवीन. ते पाहिल्यावर, यांना येथे सोडले कोणी, हा प्रश्न टाळता येत नाही.

शेवटी एक काम सुचवतो. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी २००५ च्या पुराची छायाचित्रे असतील, आणि २०२० ची तर मोबाइलमध्ये शेकड्यांनी आहेत. ती छापून घ्यावी. प्रत्येकाच्या पाठीवर, त्या त्या माणसाची संमती घेऊन, चित्रात कोण आहे त्याचे नाव, गल्ली, तो तेव्हा काय काम करीत होता, मजुरी किती होती, ती किती दिवस बुडाली, खोलीचे भाडे किती होते आणि ते त्या महिन्यांत मालकाने घेतले की सोडले, हे शाईने लिहावे. मोबाइलमधली अक्षरे टिकत नाहीत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे लिहून घ्यावे. पुढच्या महिन्याच्या बैठकीला निदान पन्नास छायाचित्रे अशा रीतीने लिहून आणावी. ती कशी लावायची ते तेव्हा बसून ठरवू.